इंजिनिअर सून मसाला का विकते: सविस्तर खुलासा

एडिसन, न्यू जर्सी

ती. आई-बाबांस,

परदेशात आई झालेल्या मराठी बाईचा पेशा बदलतो तो पुष्कळदा बाळामुळे नव्हे, कागदांमुळे. नाशिकमध्ये मात्र याची कारणे वेगळी मानली जातात: डोके फिरले, नवऱ्याने अडवले किंवा दृष्ट लागली. आत्या, काका आणि शेजारच्या वहिनी यांनी ‘सून मसाला का विकते’ हा प्रश्न फोनवरून आळीपाळीने विचारल्यामुळे विषय मुळापासून मांडणे भाग आहे.

पहिला कागद व्हिसाचा. एच-१बी व्हिसावर आलेल्या नवऱ्यामागून बायको येते ती एच-४ व्हिसावर. त्यावर तिला राहता येते, शिकता येते, गाडी चालवता येते. कमावता मात्र येत नाही. पैसे घेऊन शेजारणीचा ब्लाउज शिवला तरी तो नियमभंगच. २६ मे २०१५ पासून अशा काही बायकांना कामाचा परवाना मिळू लागला, पण त्यासाठी बहुतेकींच्या बाबतीत नवऱ्याच्या कंपनीने ग्रीन कार्डासाठी केलेला आय-१४० हा अर्ज मंजूर झालेला असावा लागतो. ग्रीन कार्ड ही पुढची गोष्ट. एका देशाच्या वाट्याला वर्षाच्या कोट्यातले सुमारे सात टक्केच येत असल्याने भारतीयांची रांग कित्येक वर्षांची आहे. अंबडच्या एमआयडीसीत स्विचगिअरच्या चाचण्या घेणारी, चुकीच्या जोडणीवरून सुपरवायझरला फैलावर घेणारी इंजिनिअर अशा रीतीने नवऱ्याच्या मॅनेजरच्या सहीची वाट बघत बसते. परवाना हाती येईपर्यंत मूल बोलू लागलेले असते आणि स्विचगिअरही दोन पिढ्या पुढे गेलेले असते. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये हयात घालवलेल्या बाबांना सही-शिक्क्याचे वजन वेगळे सांगायला नको. पासपोर्टसुद्धा तिथेच छापतात.

दुसरा प्रश्न रजेचा आणि पाळणाघराचा. भारतात १ एप्रिल २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळते. अमेरिकेच्या १९९३ च्या केंद्रीय कायद्यात १२ आठवडे आहेत, तेही बिनपगारी. शिवाय मालकाकडे ५० माणसे आणि बाईची वर्षभराची नोकरी हवी. न्यू जर्सी राज्य स्वतःच्या विमा योजनेतून रजेच्या काळात पगाराचा काही भाग देते, तेवढाच दिलासा. पण रजेसाठी आधी नोकरी लागते, आणि इथे गाडे पुन्हा पहिल्या कागदाशी अडते. दीड वर्षाखालच्या चार बाळांमागे एक सांभाळणारी हवी, असा या राज्यातल्या पाळणाघरांचा नियम आहे. नियम चांगलाच आहे. फीसुद्धा त्याला साजेशी असते. नव्याने लागलेल्या नोकरीच्या पगारातून ही फी, कर आणि दुसऱ्या गाडीचा हप्ता वजा केला की उरलेल्या रकमेत वडापावची पार्टी होते, फक्त वडापाव घरी करावा लागतो. आजी येतात तेव्हा घर सुरळीत चालते, पण त्या परतीच्या विमानात बसल्या की प्रश्न पुन्हा दारात हजर. ‘आई झाल्यावर स्वतःचा शोध लागला’ छापाच्या मुलाखतींत हा हिशेब सहसा येत नाही.

खरे तर नाशिककरांनी या बदलाने दचकायचे कारण नाही. संसारातून उठून पुन्हा शिकू पाहणाऱ्यांसाठी १ जुलै १९८९ रोजी स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ गंगापूर धरणाच्या वाटेवरच आहे. आईंनी बी.ए. तिथूनच केले, आणि त्या वेळी अभ्यासाची पुस्तके कणकेच्या डब्याआड कोण लपवत असे, हे घरात सर्वांना ठाऊक आहे.

आता मसाल्याकडे. ऑक्टोबर २०२१ पर्यंत घरी भाजलेली नानकटाई विकणे न्यू जर्सीत बेकायदा होते. ही बंदी टिकवून ठेवणारे अमेरिकेतले ते शेवटचे राज्य. आता अशा घरगुती विक्रीचा परवाना मिळतो, त्याआधी अन्नसुरक्षेची परीक्षा द्यावी लागते आणि वर्षाची विक्री ५०,००० डॉलरच्या आत ठेवावी लागते. ही शेवटची अट पाळणे आतापर्यंत अजिबात जड गेलेले नाही. फ्रिजमध्ये ठेवावे लागणारे काही विकता येत नाही. चिक्की चालते, नानकटाई चालते, सुके मसाले चालतात. उकडीचे मोदक बाद. चिवडा तृणधान्यांत मोडतो की सुक्या मेव्याच्या मिश्रणात, यावर नवरा-बायकोत दोन संध्याकाळी खर्ची पडल्या. परिणामी चिवडा संपला.

काळ्या मसाल्याची निवड त्यामुळे सोयीची ठरली. तो बाळ झोपले असताना भाजता येतो, मात्र धूर ओळखणारा अलार्म झोपत नाही. मिरचीमुळे झालेला त्याचा पहिला बोभाटा ऐकून शेजारचे गृहस्थ अग्निशामक नळकांडे घेऊन आले आणि दोन पुड्या विकत घेऊन गेले.

आईंना खटकेल अशी एक बाब लेबलावर आहे. हा पदार्थ आरोग्य खात्याने तपासणी न केलेल्या घरगुती स्वयंपाकघरात बनवला आहे, अशा अर्थाचे वाक्य छापणे सक्तीचे आहे. डंकावरून आलेला मसालाही ज्या घरात पुन्हा चाळला जातो, त्या घराण्याच्या कृतीवर हा मजकूर अन्यायकारक वाटणे स्वाभाविक आहे. कायद्याला मात्र घराणे कळत नाही. तिळाचा उल्लेख ॲलर्जीच्या पदार्थांत करावाच लागतो, कारण २०२३ पासून तो अमेरिकेच्या अधिकृत यादीत नववा आहे. खोबरे तिथे बरीच वर्षे बदाम-अक्रोडांच्या पंगतीला बसवलेले होते, त्याची २०२५ मध्ये सुटका झाली.

याच लेबलावर सर्व जिन्नस वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात. आईंच्या कृतीत धने ‘दोन वाट्या, पण मोठ्या’, खोबरे ‘पुरेल इतके’ आणि दगडफूल ‘वास येईल इतके’ असे आहे. तरी यंदाचा मसाला करताना बाबांनी काटा घेऊन शेजारी बसावे आणि आकडे ग्रॅममध्ये कळवावेत. मोठी वाटी कोणती, तिचा फोटोही पाठवावा.

कळावे.

एडिसन शाखा