उसनं अवसान, १४० अश्वशक्ती

नवी गाडी आली की आपण काय विचारतो? मायलेज किती, सनरूफ आहे का आणि वेटिंग किती महिन्यांचं. इंजिन कुणाचं, हे विचारणारा शंभरात एखादा. त्याला सेल्समन चहा पाजतो आणि मॅनेजरकडे पाठवतो.

मॅनेजर ब्रोशर उघडतो.

ब्रोशरमध्ये इंजिनाचं नाव असतं, गाव नसतं. टाटांची हॅरियर घ्या. जानेवारी २०१९ मध्ये आली. भारदस्त, रुंद छातीची, अस्सल देशी. इंजिनाचं नाव क्रायोटेक. मूळ नाव मल्टिजेट, मूळ गाव इटली. फियाटचं दोन लिटरचं डिझेल. तेच जीप कंपासमध्ये, तेच पुढे एमजी हेक्टरमध्ये. अमेरिकी नावाची जीप, ब्रिटिश नावाची चिनी एमजी आणि आपली टाटा. तिघींच्या बॉनेटखाली एकच बिऱ्हाड.

पण भाडं वेगवेगळं. कंपासमध्ये हे इंजिन १७३ अश्वशक्ती द्यायचं, हॅरियरमध्ये १४०. उसनं आणायचं आणि वर पाणीही घालायचं? लोक कुरकुरले. २०२० मध्ये ताकद १७० वर गेली. तेव्हाही काही जणांनी टाटांच्या अभियंत्यांचं अभिनंदन केलं म्हणे.

बरं, हे इटालियन इंजिन बनतं कुठे? रांजणगावात. तालुका शिरूर, जिल्हा पुणे. महागणपतीच्या दर्शनाला जाता ना, तिथेच. कारखान्यात टाटा आणि फियाटची निम्मी निम्मी भागीदारी. आराखडा तुरिनचा, घाम शिरूरचा, बिल्ला टाटांचा. आता सांगा, स्वदेशी की परदेशी?

उत्तर सोपं आहे. जाहिरातीत स्वदेशी, बिघडलं की परदेशी.

याच रांजणगावचं धाकटं भावंड आठवतंय? १.३ लिटरचं मल्टिजेट. २००७ पासून मारुतीच्या स्विफ्टमध्ये, नाव डीडीआयएस. टाटांच्या व्हिस्टात, नाव क्वाड्राजेट. शेवरले सेलमध्ये, नाव स्मार्टेक. फियाटच्या स्वतःच्या पुंटोत अर्थातच मल्टिजेट. मारुतीनं परवाना घेऊन मानेसरला वेगळा कारखानाच टाकला. गाडीप्रेमी त्याला गमतीनं भारताचं राष्ट्रीय इंजिन म्हणायचे.

राष्ट्रीय इंजिन. इटलीचं.

आणि विक्री? स्विफ्ट डिझेलला महिनोन्महिने रांग. त्याच इंजिनाची पुंटो शोरूममध्ये धूळ खात उभी. पिकतं तिथे विकत नाही, ते असं. इंजिन देणाऱ्या फियाटची गाडी या देशातून गेली, घेणाऱ्या मारुतीचं भलं झालं. तरीही शहाणे सांगत राहतात, की स्वतःचं इंजिन असल्याशिवाय बाजारात उभं राहता येत नाही.

मग मारुतीला स्वतःचं डिझेल करायची हुक्की आली. (मारुतीचं ‘स्वतःचं’ म्हणजे हमामात्सूच्या सुझुकीचं, पण तेवढं चालतं.) २०१५ मध्ये सेलेरिओत ७९३ सीसीचं, दोन सिलिंडरचं डिझेल आलं. ताकद ४७ अश्वशक्ती. आवाजाची अश्वशक्ती मोजलेली नाही. दोनेक वर्षांत ते गुपचूप गेलं.

मारुती खचली नाही. मार्च २०१९, सियाझमध्ये नवं दीड लिटरचं घरचं डिझेल. ९५ अश्वशक्ती, चालवायला छान, परीक्षकही खूश. अखेर फियाटची ओसरी सुटणार होती! आणि एप्रिल २०१९ मध्ये मारुतीनं जाहीर केलं, की पुढच्या एप्रिलपासून डिझेल गाड्या बंद.

बारसं आणि बारावं, महिन्याभराच्या अंतरानं.

कारण बीएस-६. प्रदूषणाचा नियम बदलला, खर्च वाढला, हिशेब जुळेना. हिशेब आधी करता आला नसता का? नियमाची तारीख २०१६ पासून ठरलेली होती. पण आपल्याकडे तारखेची आठवण तारीख उजाडल्यावरच होते, मग ती वीजबिलाची असो की इंजिनाची.

‘पण आत्मसन्मान?’ असं विचारणारे आहेतच. त्यांना मलेशियाला पाठवा. तिथे १९८३ मध्ये पंतप्रधान महाथीर यांनी प्रोटॉन काढली. राष्ट्रीय मोटार, अगदी सरकारी शिक्क्यानिशी. १९८५ मध्ये पहिली सागा आली. खाली मित्सुबिशीची लान्सर, आत मित्सुबिशीचं इंजिन, पुढे मलेशियाची चंद्रकोर आणि तारा.

परकं इंजिन किती दिवस वापरायचं? म्हणून १९९६ मध्ये प्रोटॉननं थेट इंग्लंडची लोटस कंपनीच विकत घेतली. मोटारीला कोपऱ्यात कसं वळवायचं, हे जगाला शिकवणारी लोटस. तिच्या मदतीनं प्रोटॉनचं घरचं इंजिन उभं राहिलं. कॅम्प्रो. २००४ मध्ये जेन-२ नावाच्या मोटारीत बसलं. कागदावर ताकद झकास. रस्त्यावर मधल्या आरपीएमला टॉर्क दबकायचा, म्हणजे ओव्हरटेक करताना ट्रकच्या बरोबरीला आलात की राष्ट्रीय इंजिन विचारात पडायचं.

वेगाच्या शौकिनांनी काय केलं? जपानहून जुनी मित्सुबिशी इंजिनं मागवली आणि प्रोटॉनमध्ये बसवली.

राष्ट्रीय गाडी, राष्ट्रीय इंजिन काढून.

आणि ज्या लोटसच्या हाताखाली हे सगळं शिकले, ती लोटस त्याच २००४ मध्ये स्वतःच्या एलिसमध्ये काय घालत होती? टोयोटाचं इंजिन! गुरुजी शिकवणी घेतात आणि स्वतःच्या पोराला दुसऱ्या क्लासला घालतात.

टोयोटा तरी बाणेदार? २०१९ मध्ये तिनं सुप्रा परत आणली. सगळ्या टोयोटांत मिरवायची गाडी. सहा सिलिंडरचं इंजिन बीएमडब्ल्यूचं. बीएमडब्ल्यूनं मिनीचं इंजिन केलं प्यूजोबरोबर. आणि प्यूजोचं डिझेल? आपल्या महिंद्राच्या जुन्या जीपमध्ये. तीच, जिच्यात चौदा माणसं आणि दोन बोकड तालुक्याच्या बाजाराला जायचे.

तेव्हा लोटस, टोयोटा, बीएमडब्ल्यू वगैरेंनी फार ताठ मान करू नये.

प्रोटॉनचं पुढे काय झालं म्हणता? मध्येच तिनं इटलीची एमव्ही अगुस्टा ही मोटारसायकल कंपनी सात कोटी युरोंना घेतली आणि थोड्याच काळात एका युरोला विकली. हो, एका. २०१७ मध्ये प्रोटॉनचे ४९.९ टक्के चीनच्या गीलीनं घेतले. लोटसही गीलीकडेच गेली. आता प्रोटॉनच्या एसयूव्हीत गीलीचं टर्बो इंजिन आहे. गाडी चांगली चालते, खपतेही. राष्ट्र कुठे आहे, ते नंबरप्लेटवर बघावं.

परत घरी येऊ. टाटांनी जानेवारी २०२३ च्या ऑटो एक्स्पोत आपली नवी टर्बो पेट्रोल इंजिनं दाखवली, १.२ आणि १.५ लिटरची. घरची. दीड लिटरचं २०२५ मध्ये सिएरात उतरलं. हॅरियरला पेट्रोल मिळायला जवळपास सात वर्षं लागली. तोवर ग्राहकांनी ह्युंदाईचं पेट्रोल चालवून पाहिलं, कियाचं चालवून पाहिलं आणि ईएमआयही फेडत आणला. उशीर झाला, पण इंजिन आलं. टाळ्या वाजवू या. मी खरंच वाजवतो. मात्र टाळी वाजवताना २०१८ ची टियागो जेटीपी आठवते. कोइमतूरच्या जयेमबरोबर केलेली. घरचं १.२ लिटर टर्बो, ११४ अश्वशक्ती, एक्स-शोरूम किंमत साडेसहा लाखांच्या आत. देशी, स्वस्त, चपळ. परीक्षकांनी वाहवा केली, तरुणांनी व्हिडिओ पाहिले.

व्हिडिओ पाहायला डाउन पेमेंट लागत नाही. बीएस-६ आलं आणि जेटीपी गेली.

म्हणून कंपन्यांना एकट्यांना झोडपण्यात अर्थ नाही. इंजिन घडवायला शेकडो कोटी लागतात आणि ते वसूल व्हायला लाखांनी गाड्या जाव्या लागतात. आपल्याला हवी देशी ताकद, जपानी मायलेज, जर्मन दाराचा धप्प आवाज आणि किंमत ऑल्टोची. आणि घरचं म्हणजे तरी किती घरचं? महिंद्राचं एमहॉक, नाशिकच्या स्कॉर्पिओतलं, रांगडं. त्याच्या घडणीत ऑस्ट्रियाच्या एव्हीएलचा हात. इंडिकाचं रूप तुरिनच्या स्टुडिओतलं. यात लाज कसली? मदत घ्यावी. फक्त नंतर वंशावळ सांगत फिरू नये.

कुर्ल्याची प्रीमियर याबाबतीत बरी. १९८५ मध्ये तिनं फियाटच्या सांगाड्यात निस्सानचं इंजिन घातलं आणि गाडीचं नाव ठेवलं ११८ एनई. एनई म्हणजे निस्सान इंजिन. मागच्या डिकीवरच कबुलीजबाब. असला प्रामाणिकपणा पुढे कुणाला परवडला नाही, प्रीमियरलाही नाही.

आता नवी मंडळी म्हणतात, वाद मिटला. विजेच्या गाडीला इंजिनच नाही, मग देशी-परदेशी कशाचं? बरोबर. महिंद्राची बीई ६ घ्या. २८६ अश्वशक्तीपर्यंत ताकद, डिझाइन आपलं, गाडी चाकणची. बॅटरीचे सेल चीनच्या बीवायडीचे, मोटर फ्रान्सच्या वलेओची. पुढे एप्रिल २०२५ मध्ये चीननं मोटरमध्ये लागणाऱ्या दुर्मीळ धातूंच्या चुंबकांच्या निर्यातीला परवाना लावला आणि आकुर्डीच्या बजाजच्या स्कूटरच्या उत्पादनाला कात्री लागली. पुण्याची स्कूटर, नाव महाराणा प्रतापांच्या घोड्याचं, चेतक. अडली कुठे, तर बीजिंगच्या टेबलावर, सहीसाठी.