कोरमची वाट पाहू नका

रविवार, रात्रीचे नऊ. डिस्कॉर्डवर खेळायला पाच जण जमायचे होते. एकाची हिंजवडीत शिफ्ट बदलली, एकाचा सकाळी पेपर, केजमधल्याची लाइट गेली. उरले दोन. गोष्ट चालवणारा, म्हणजे डीएम, सेशन रद्द करतो. पुढचा रविवारही तसाच जातो. त्यानंतर कोणी विचारत नाही.

खेळातली मोहीम राक्षसाने मारली नाही. कोरमने मारली.

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात, अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. टेबलाची जागा आता ऑनलाइन नकाशाने घेतली. एका खोलीत बसायची अट सुटली, मग 'सगळे आले तरच' ही अट कशाला?

बीड जिल्ह्याला हे सांगायला हवं? इथली माणसं दसरा-दिवाळी सरली की ऊसतोडीला जातात. पोरं शिकायला लातूरला, नोकरीला पुण्याला. माणसं जाणार-येणार हे धरूनच गावाचं वर्ष आखलं जातं.

खेळाचं का नाही?

उपाय जुनाच आहे. बेन रॉबिन्स या डीएमने 'वेस्ट मार्चेस' नावाची मोहीम चालवली. ठरलेला वार नाही, ठरलेला गट नाही. जमतील त्यांनी कुठे जायचं ते ठरवायचं. नियम एकच, पण कडक: गावातून निघायचं आणि सेशन संपायच्या आत गावात परतायचं.

कारण उघड आहे. भुयाराच्या मधोमध थांबलात, तर पुढच्या वेळी तीच माणसं लागतात. वेशीवर थांबलात, तर कोणीही चालतं.

नव्याला मागचं कसं कळणार? जो खेळला त्याने ग्रुपवर पाच ओळी टाकाव्यात, मराठीत. सगळं लिहिणं डीएमच्याच माथी मारलंत, तर आधी तोच गळेल.

आणि भुयारं परदेशी पुस्तकातलीच का? अंबाजोगाईच्या हत्तीखान्यात दगडी हत्ती उभे आहेत. धारूरला किल्ला आहे. बीडच्या खजाना विहिरीचं पाणी सोळाव्या शतकापासून भुयारातून, निव्वळ उताराने शेतात जातं. भुयार, पाणी आणि वर नाव खजाना!

याहून तयार नकाशा कोण देणार?

घरच्यांना 'ऑनलाइन गेम' म्हटलं की रमी दिसते. त्यांची भीती खरी आहे, रमीने घरं बुडवली आहेत. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने बंदीचा कायदा केला तो पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर. आपल्या खेळात पणाला लागतं ते पात्र. आईला एकदा शेजारी बसवा. थोड्या वेळात तीच विचारेल, "मग पुढं काय झालं?"

राहिला गैरहजर गडी. त्याचं पात्र मारू नका, त्याच्या वाटची लूट वाटून खाऊ नका. तो शिफ्टमध्ये अडकला असेल, अभ्यासात असेल, आई-बापासोबत कारखान्यावर गेला असेल. सहा महिन्यांनी उगवला तर 'कुठे होतास?' विचारू नका.

'कुठे जायचं?' एवढंच विचारा.