लखोटा फेकू नये

कंपनीच्या ईमेलांचे दप्तर जतन करण्याची जोखीम ज्या सद्गृहस्थाच्या पदरी पडली असेल (आणि ती बहुधा तो रजेवर असतानाच पडलेली असते), त्याने प्रथम हे ध्यानी घ्यावे की ईमेललाही पत्र आणि लखोटा अशी दोन अंगे असतात, व त्यांपैकी पत्र शिष्टाचारासाठी आणि लखोटा सत्यासाठी लिहिलेला असतो. जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली सिद्ध केलेल्या एसएमटीपी या ईमेल पाठवण्याच्या नियमावलीप्रमाणे प्रेषकाचा व प्रत्येक प्रापकाचा पत्ता सर्व्हरला स्वतंत्रपणे कळवावा लागतो. पत्राच्या माथ्यावर 'प्रति' म्हणून कोणाचे नाव मिरवते, याच्याशी त्या यंत्राला काडीचे कर्तव्य नसते.

बीसीसी नामक गुप्तदान येथेच संभवते. शेजारच्या मेजावरील सहकाऱ्यास 'सस्नेह' लिहिलेल्या पत्राची एक प्रत साहेबांच्या चरणी रुजू झाली होती, ही वार्ता त्या सहकाऱ्याला पोचलेल्या प्रतीत शोधून सापडत नाही. तसेच 'सर्व कर्मचारी' या भारदस्त पत्त्यात त्या दिवशी नेमके कोण कोण मोडत होते, हेही पत्र सांगत नाही. सबब दप्तरदाराने लोकांच्या पेट्या उपसण्याच्या भरीस न पडता सर्व्हरवरच जर्नलिंग सुरू करावे, म्हणजे वाटेतच प्रत्येक पत्राची नक्कल होऊन, प्रेषक, विषय व गुप्त धरून यच्चयावत प्रापक यांची नोंद असलेल्या अहवालाला मूळ पत्र जसेच्या तसे जोडले जाते. आमच्या कचेऱ्यांतील आवक-जावक बारनिशीचेच हे रूप. फरक इतकाच, की या बारनिशीच्या कारकुनाला चहा पाजून नोंद गाळता येत नाही.

हा खटाटोप ज्यांना व्यर्थ वाटेल त्यांनी माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ७ वाचावे, कारण कायद्याने जपावयाचा दस्तऐवज इलेक्ट्रॉनिक रूपात ठेवल्यास त्याचे उगमस्थान, गंतव्य व पाठवल्या-पोचल्याची तारीख-वेळ ओळखता यावी असे ते फर्मावते. ईमेल नीट न जपल्यापायी वॉल स्ट्रीटवरील पाच दलाली पेढ्यांना डिसेंबर २००२ मध्ये मिळून ८२ लाख ५० हजार डॉलर दंड झाला होता. तेवढ्यात पुष्कळ दप्तरदार पोसले गेले असते.

हे अहवाल जिच्यात जमा होतात ती जर्नलची पेटी भरू देऊ नये, पोचू न शकलेल्या अहवालांसाठी दुसरी पेटी नेमून द्यावी, आणि त्या दोहोंपैकी एकीवरही 'मी रजेवर आहे' हे स्वयंचलित उत्तर लावू नये.