समुद्र आहे, पण पलीकडे

दिवेआगरच्या त्या बंगल्याचा फोटो मेव्हण्यानं महिनाभर आधीच घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. गॅलरी, गॅलरीत झोपाळा, झोपाळ्यासमोर निळाशार समुद्र. सासूबाईंनी लगेच गुलाबाची फुलं पाठवली. ताम्हिणीत धाकटीला उलटी झाली, माणगावात सासऱ्यांच्या चहात साखर पडली, पण त्या फोटोच्या जोरावर सगळ्यांनी सगळं सोसलं. म्हसळा सोडल्यापासून तर गाडीत "दिसला का? दिसला का?" एवढंच चाललं होतं.

गॅलरी होती. झोपाळाही होता, त्यावर कुणी बसू नये म्हणून आडवी दोरी बांधलेली होती. समोर पोफळी. पोफळींमागे केळी, केळींमागे माड, माडांमागे सुरूचं बन आणि त्याही मागे, बंगला सांभाळणाऱ्या काकांच्या शब्दावर विश्वास ठेवायचा तर, समुद्र.

"काका, फोटोत दिसतोय तो कुठाय?" मेव्हण्यानं मोबाइल पुढे केला. अॅडव्हान्स त्यानं भरलेला, त्यामुळे आवाज चढलेला.

काकांनी चष्मा लावून फोटो नीट पाहिला. "हा वादळानंतरचा."

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळानं श्रीवर्धन तालुका झोडपून काढला, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. हा रोठा सुपारीचा मुलूख. पोफळ लावली की सुपारी हाती यायला पाच-सहा वर्षं तरी जातात. त्या पडझडीत घर आणि समुद्र यांच्यामध्ये काही उरलंच नव्हतं, आणि मालकाच्या मुंबईकर चिरंजीवांनी नेमका तेव्हाच फोटो काढला होता. आता नवी लागवड गॅलरीच्या वर गेली होती. म्हणजे झाडं जगली म्हणून आम्ही फसलो होतो! अशी तक्रार करायची तरी कुठल्या तोंडानं?

मेव्हण्याला तोंडाची अडचण कधीच नसते.

"काका, गरम पाणी येत नाही."

"वादळात टाकीच उडाली होती, साहेब. ही नवी आहे."

"बाथरूमची कडी लागत नाही."

"तेव्हा दारच नव्हतं."

रात्री जेवताना लाइट गेली. मेव्हण्यानं अंधारातच तोंड उघडलं, पण काका आधीच म्हणाले, "आठवडेच्या आठवडे नव्हती. ही येईल आत्ता." सासूबाई हळहळल्या आणि त्यांनी काकांनाच आग्रह करून आमच्यातला एक मोदक वाढला.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी नातवंडांना सांगितलं, की इथल्याच एका वाडीत १९९७ साली जमिनीखाली सोन्याचा गणपती सापडला. तो २०१२ मध्ये चोरीला गेला, हा भाग ऐकायला पोरं थांबलीच नाहीत. समुद्र नाही तर सोनं, असा सरळ हिशेब करून ती पोफळींच्या बुंध्याशी उकरायला लागली. सगळ्या मुक्कामात काकांचा आवाज चढला तो तेवढ्या एकदाच.

समुद्र होता, हे मात्र खरं. वाडीतून, पाटावरची फळी ओलांडून, सुरूच्या बनातून चालत गेलं की समोर यायचा, थेट फोटोतल्यासारखा. मेव्हण्यानं गुडघाभर पाण्यात उभं राहून त्याचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "बंगल्यातून." जळगावच्या आत्यांनी तिथल्या तिथे बंगल्याचा नंबर मागितला.

निघताना हिशेब झाला. सासूबाईंनी काकांकडून सुपारी विकत घेतली. आमच्यात सुपारी कुणी खात नाही. मेव्हण्यानं शेवटचा प्रयत्न केला.

"काका, पुढच्या वर्षी येऊ. पण समुद्र दिसत नाही, तेव्हा थोडं कमी करायला हवं."

काकांनी मान वर करून शेंड्यांकडे पाहिलं.

"पुढच्या वर्षी सावली वाढेल, साहेब. थोडे जास्तच होतील."