पुण्याच्या पदवीधर मतदारास खुले पत्र

महोदय,

विद्यापीठ रसातळाला कोणी नेले, असा प्रश्न निघाला की तुम्ही कुलगुरू, मंत्री, राज्यपाल अशी नावे घेता. त्या यादीत मला तुमचे नाव सगळ्यांत वर हवे आहे.

राज्यघटनेच्या 171 व्या कलमाने तुम्हाला विधान परिषदेसाठी एक जादा मत दिले, आणि तेही केवळ तुम्ही शिकलात म्हणून. तुमच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईंना ते नाही. त्या मताचे तुम्ही काय केलेत? पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर या पाच जिल्ह्यांत मिळून डिसेंबर 2020 च्या पदवीधर निवडणुकीसाठी मतदार नोंदणी झाली सव्वाचार लाखांच्या आसपास. याहून अधिक पदवीधर एकट्या पुणे शहरात राहतात. नोंदलेल्यांतलेही चाळीस टक्क्यांहून जास्त मतदानाला फिरकले नाहीत. जे गेले, त्यांच्यातल्या हजारोंची मते बाद झाली. उमेदवाराच्या नावापुढे निवडणूक आयोगाच्या पेनाने 1 हा आकडा लिहायचा होता. पदवीधरांना तेवढेही जमू नये, याची मला लाज वाटते.

ज्यांचे मत ग्राह्य धरले गेले, त्यांनी तरी काय पाहिले? उमेदवार कोणत्या पक्षाचा, कोणत्या गटाचा, कोणत्या जातीचा! तिकडे गणेशखिंडीतल्या विद्यापीठात अध्यापकांची निम्म्याहून अधिक मंजूर पदे रिकामी पडली. 111 जागांची जाहिरात निघाली आणि भरती रखडली. महाविद्यालयांत नेट-सेट झालेली, पीएच.डी. मिळवलेली माणसे तासिका तत्त्वावर राबतात. सुट्टी लागली की त्यांचे मानधन थांबते. एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीच्या एकत्रित यादीत 2024 मध्ये 37 वे असलेले सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ 2025 मध्ये 91 वर घसरले. विद्यार्थ्यांमागे शिक्षक किती, हे त्या क्रमवारीत मोजतात. मग दुसरे काय होणार होते?

तुमच्या मुलांनाही तुम्ही मतदानाची सवय लागू दिली नाहीत. महाविद्यालयांतल्या खुल्या निवडणुका 1994 च्या विद्यापीठ कायद्याने बंद झाल्या. 2016 च्या कायद्याने त्यांना वाट करून दिली, पण 2019 मध्ये सरकारने त्या पुढे ढकलल्या. अठराव्या वर्षी खासदार निवडणाऱ्या मुलीला आपला वर्गप्रतिनिधी निवडता येत नाही, आणि एकाही पालकाने त्यासाठी आमदाराचे दार ठोठावल्याचे मी ऐकले नाही.

2020 मध्ये निवडलेल्या आमदारांची मुदत डिसेंबर 2026 मध्ये संपते. ही मतदारयादी दर वेळी नव्याने होते. मागच्या यादीतले नाव चालत नाही. कार्यकर्ता दारात येण्याची वाट न पाहता नोंदणीचा फॉर्म 18 स्वतः भरा. मत मागायला येईल त्याला दारातच विचारा, की अध्यापकांची किती पदे, कोणत्या तारखेपर्यंत भरून घेणार? उत्तर त्याच्याकडून लेखी घ्या.

आपला,
एक पदवीधर मतदार