वारशाने आलेले स्वकर्तृत्व

सार्वत्रिक मूलभूत उत्पन्न, म्हणजे प्रत्येक नागरिकाला कोणतीही अट न घालता नियमितपणे दिली जाणारी रोख रक्कम, ही कल्पना भारताच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत माणशी वर्षाला ७,६२० रुपये या आकड्यासह चर्चेला आली. फुकटच्या पैशाने माणूस आळशी होतो, हा तिच्यावरचा आक्षेप मात्र तिच्याहून बराच जुना आहे. तो आक्षेप सर्वाधिक पोटतिडकीने मांडणाऱ्यांत शून्यातून उभे राहिलेले उद्योजक असतात, आणि त्या शून्यात औद्योगिक विकास महामंडळाने शेतकऱ्यांकडून संपादित केलेला भूखंड, तिथवर आलेला सरकारी रस्ता व पाणी, तसेच अनुदानित महाविद्यालयांत शिकलेले अभियंते एवढेच काय ते समाविष्ट असते. मृताच्या मालमत्तेवर आकारला जाणारा कर, म्हणजे इस्टेट ड्यूटी, १९८५ मध्ये रद्द झाल्यापासून वारसांना तर विनाअट उत्पन्न बिनबोभाट मिळत आहे. त्याने त्यांच्या उद्यमशीलतेला कीड लागल्याची तक्रार अद्याप कोणत्याही उद्योजक परिषदेच्या व्यासपीठावरून झालेली नाही (सत्कारसमारंभात ती शोभलीही नसती). आळस हा दोष, असे दिसते, ७,६२० रुपयांच्या आसपासच जडतो. कोटींच्या घरात त्याला भांडवल म्हणतात.