तुमचं एलेव्हेशन बिघडवल्याबद्दल

आदरणीय बिल्डरशेठ यांस,



आपली नोटीस मिळाली. तुमच्या माणसाने ती आमच्या दाराला सेलोटेपने चिकटवली होती. ओढून काढली तर दाराच्या लॅमिनेटचा पापुद्राही सोबत आला, त्यामुळे दार कसलं दिलंय तेही कळलं. बाल्कनीला ‘विनापरवाना’ तारांची जाळी बसवून आम्ही इमारतीचं एलेव्हेशन बिघडवलं आहे. सात दिवसांत ती काढावी, नाहीतर दंड.

आधी आनंद व्यक्त करते. पझेशन घेतल्यापासून तुमच्या ऑफिसला मी किती मेल पाठवल्या, त्याचा हिशोब मीही सोडला आहे. बाथरूमचं पाणी मोरीकडे न जाता पॅसेजकडे येतं. दुसरी लिफ्ट ताडपत्री पांघरून उभी आहे. टँकर आला नाही तर अकराव्या मजल्यावर दुपटी धुवायला पाणी नसतं. लहान मुलांच्या खेळण्याच्या जागेला ‘हँडओव्हर बाकी’ म्हणून कुलूप आहे, आणि मुलं त्या कुलपाशीच खेळतात. एकाही मेलला उत्तर नाही. ऑफिस बंद पडलं की काय, अशी शंका येऊ लागली होती. पण जाळी लागली आणि दुसऱ्या दिवशी नोटीस दारावर! मंडळी जागी आहेत म्हणायची.

आता बाल्कनीचं. तिचा कठडा तुम्ही फार सुंदर केला आहे. स्टीलच्या चकचकीत आडव्या पट्ट्या, थोड्याथोड्या अंतरावर, खालपासून वरपर्यंत. सॅम्पल फ्लॅटमध्ये तुमच्या सेल्सच्या मुलीने ‘सी-थ्रू लुक’ म्हणून तो दाखवला, तेव्हा आमच्या धाकटीला चालताही येत नव्हतं. आता ती अडीच वर्षांची आहे. अडीच वर्षांच्या मुलाला आडव्या पट्ट्या दाखवल्या की ते ‘लुक’ पाहत नाही, पाय ठेवतं. तुम्ही कठडा लावलाच नाहीत शेठ, अकराव्या मजल्यावर शिडी लावलीत.

तुमच्या फॅसिलिटी मॅनेजरने मला समजावलं की उंची नियमाप्रमाणे आहे. आहेच. मी टेप लावून पाहिली, एकशे दहा सेंटिमीटर. राष्ट्रीय इमारत संहितेला एक मीटर लागतो, तुम्ही वर दहा सेंटिमीटर दिलेत, आभारी आहे. फक्त ही उंची जमिनीवर उभं राहणाऱ्या माणसासाठी मोजलेली आहे. माझी मुलगी नव्वद सेंटिमीटरची. चौथ्या पट्टीवर पाय ठेवला की तिच्यासमोर तुमचा नियम पन्नास सेंटिमीटरचा उरतो, म्हणजे पोटाशी. या वयात अंगाच्या मानाने डोकं जड असतं. पोटाशी आधार आणि डोकं बाहेर, पुढचं सांगायला आर्किटेक्ट लागत नाही.

ती चौथ्या पट्टीवर होती, शेठ. सामान आलं त्याच दिवशी. बाल्कनीच्या दाराशी पुस्तकांची खोकी रचलेली, हॉलमध्ये पॅकर्सची माणसं, स्वयंपाकघरात आरओवाला भिंतीला ड्रिल लावून, वरच्या फ्लॅटमध्ये फर्निचरचं काम चालू असल्यामुळे कोणाचं कोणाला ऐकू येत नव्हतं. सासूबाई देव मांडायला म्हणून उठल्या आणि त्यांनी तिला मागून फ्रॉकला धरून खेचलं. त्यानंतर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दूध उतू घालायचं राहिलं ते राहिलंच.

हे मी तुमच्या मॅनेजरला सांगितलं. तो म्हणाला, ‘मॅडम, लहान मुलांवर लक्ष ठेवायला पाहिजे ना.’

इथे क्षणभर उपरोध बाजूला ठेवते. लक्ष! नव्या घरात आलेल्या माणसाकडे लक्ष सोडून सगळं असतं. जुन्या घरात कुठली कडी मुलाच्या हाताला येते, कुठला कोपरा लागतो, हे अंगवळणी पडलेलं असतं. इथे मुलालाही घर नवं, आईलाही नवं. चार दारं एकाच वेळी उघडी, प्रत्येक खोकं चढायला पायरी, आणि प्रत्येक अनोळखी माणूस ‘मॅडम, हे कुठे ठेवू’ विचारत उभा. तेवढ्या दिवसांसाठी तरी घराने स्वतः थोडं लक्ष ठेवावं, म्हणून तर कठडा असतो! चोवीस तास डोळे वटारून बसायचं असेल तर कठडा तरी कशाला हवा? उघडी गच्चीच विकायची होतीत, स्वस्तात पडली असती. सत्तर-ऐंशी लाख घ्यायचे, त्यावर पाच टक्के जीएसटी, दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ, आणि मूल वाचवायची जबाबदारी मात्र गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर!

असो. जाळीकडे येते. तिला बाजारात ‘इनव्हिजिबल ग्रिल’ म्हणतात. नायलॉनचा थर दिलेल्या बारीक स्टीलच्या तारा, दोन-दोन इंचांवर, उभ्या. उभ्या आहेत, हे पाहून घ्यावं, म्हणजे पाय ठेवायला जागा नाही. रस्त्यावरून त्या दिसत नाहीत. मी खाली जाऊन, मान दुखेपर्यंत वर पाहून खात्री केली. तुमच्या माणसाला त्या कशा दिसल्या कोण जाणे, ड्रोन उडवला असावा.

त्यातून तुमच्या नियमावलीत एक रत्न सापडलं. कबुतरांसाठी जाळीला परवानगी आहे! रीतसर फॉर्म आहे, नायलॉनची जाळी, रंग ऑफिसने ठरवलेला. म्हणजे कबूतर आत येऊ नये ही तुमची काळजी, मूल बाहेर जाऊ नये ही मात्र एलेव्हेशनची बाधा. आता कबुतराची जाळीच लावा असा सल्ला देऊ नका. ती कबुतराला अडवायला बनवलेली असते, बारा-तेरा किलोचं मूल टेकलं तर पेलायला नव्हे.

टॉवरांना तुम्ही न्यूयॉर्कमधल्या भागांची नावं दिली आहेत. आमच्या थोरल्याच्या शाळेच्या फॉर्मवर पत्ता लिहिताना दरवेळी एक अक्षर चुकतं. तर त्या खऱ्या न्यूयॉर्कची एक गोष्ट. तिथे मुलं खिडक्यांतून पडून मरत होती. १९७२ मध्ये शहराच्या आरोग्य खात्याने ब्रॉन्क्स भागात त्याविरुद्ध मोहीम काढली, आणि १९७६ पासून नियमच केला की तीन किंवा अधिक घरांच्या इमारतीत दहा वर्षांपर्यंतचं मूल राहत असेल तर खिडकीला गज बसवायचे, आणि ते घरमालकाने बसवायचे. दंडाची भीती तिथे इमारतवाल्याला असते. तुम्ही नावं आणलीत, नियम विमानतळावरच राहिला वाटतं.

या इमारतीचं बांधकाम चालू होतं तेव्हा स्लॅबगणिक हप्ता भरायचा म्हणून आम्ही येत होतो. एकदा पाहिलं, वाळू चाळणाऱ्या एका बाईने आपलं रांगतं पोर जुन्या साडीच्या पट्टीने पिलरला बांधून ठेवलं होतं. पन्नासहून अधिक बायका कामावर असतील तर पाळणाघर द्यायला हवं, असं तेव्हा लागू असलेला बांधकाम कामगारांचा १९९६ चा कायदा सांगत होता. तुमच्या साइटवर बायका किती होत्या ते तुम्हाला ठाऊक, पाळणाघर मला दिसलं नाही. पण त्या बाईला मूल आणि काठ यांच्यात काहीतरी बांधायचं असतं हे कळत होतं. तिला कोणी नोटीस दिली नाही, एवढं नशीब.

तुमच्यावर नुसतं चिडून राहायचं ठरवलं होतं, पण ते पूर्ण जमत नाही. पझेशनच्या कार्यक्रमात तुम्ही पाच मिनिटं बोललात. चाळीतली दहा बाय दहाची खोली, त्यात सात माणसं, एकच खिडकी, तिला गज आणि गजांवर ओले कपडे. आभाळ पट्ट्यापट्ट्यांनी दिसायचं, म्हणालात. आवाज जड झाला होता तुमचा, आणि तो खोटा नव्हता. म्हणूनच तुम्ही बाल्कन्या मोठ्या काढता, खिडक्या खालपर्यंत आणता आणि गज म्हटला की तुमच्या कपाळाला आठी पडते, असं मला आता वाटतं. आमच्या तारा पाहिल्या की तुम्हाला ती चाळ दिसत असणार. कष्टाने जे मागे टाकलं ते अकराव्या मजल्यावर येऊन बसलं, याचा त्रास मी समजू शकते.

पण शेठ, त्याच गजांना धरून तुम्ही उभं राहायला शिकला असाल. सात माणसांच्या खोलीत तुमच्यावर लक्ष ठेवायला कोण मोकळं होतं? आई पाण्याच्या रांगेत, वडील पाळीला. गज होते म्हणून निभावलं.

आणि तुमच्या ब्रोशरचं पान बारा जरा काढून पाहा. संध्याकाळची बाल्कनी, कॉफीचे दोन मग, आणि कठड्याशी लाल फुगा घेतलेली चिमुरडी. तिच्या पायांकडे पाहा. उजवा पाय खालून दुसऱ्या पट्टीवर आहे. तुमच्या चित्रकाराला मुलं काय करतात ते ठाऊक होतं. ते चित्र तुम्ही मंजूर केलंत, छापलंत आणि आम्हाला बुकिंगच्या चेकच्या बदल्यात दिलंत.

तेव्हा नोटिशीचं उत्तर असं. जाळी राहील. दंडाची पावती माझ्या नावाने फाडा, कारण घर माझ्या नावावर आहे. महिला खरेदीदाराला मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते म्हणून, दुसरं कौतुक काही नाही. पावतीवर कारण मोघम नको. ‘मूल पडू नये म्हणून तारा लावल्याबद्दल’ असं स्वच्छ लिहावं, खाली सही-शिक्का असावा. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे पझेशननंतर पाच वर्षांत दाखवून दिलेला दोष तुम्हाला तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यावा लागतो. आडव्या पट्ट्या हा दोष की सौंदर्य, ते आपण महारेरापुढे एकदा ठरवून घेऊ. पॅसेजमधल्या पाण्याबद्दल तर वादच नाही, तेवढा प्लंबर आधी पाठवा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
अकराव्या मजल्यावरची एलेव्हेशन-बिघडवी

ता. क. : जाळीवाला म्हणतो, एकाच इमारतीतली पाचाहून जास्त घरं असतील तर चौरस फुटामागे भाव कमी करतो. आमच्या विंगमधून नावं येऊ लागली आहेत. नोटिशीचे कागद जरा जास्त छापून ठेवा, आणि सेलोटेप बेताने लावायला सांगा.